वाळ्यांचे झुमके

रविवारी सकाळी मास्तरांच्या घरचे ताईला बघायला आले. दुपारी ते परत गेले. त्या दिवसानंतर ताई माझ्याशी पूर्वीसारखीच बोलत राहिली आणि मी तिच्याशी पूर्वीसारखा बोलू शकलो नाही.

आम्ही तेव्हा श्रीरामपूरच्या अलीकडे एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. आप्पा काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या जिथे वजनाला लागायच्या तिथल्या खोलीत बसून ते दिवसभर पावत्या फाडायचे. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी, मागे न्हाणी आणि न्हाणीच्या पाण्यावर आईने जगवलेली अळूची चार पानं. वसाहतीचा सगळा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुसऱ्याला आप्पा डबा घेऊन निघायचे. मळीचा गोडसर, आंबूस वास कपड्यांना, पांघरुणांना, केसांनासुद्धा लागलेला असायचा. मी नगरला कॉलेजात गेल्यावर वसतिगृहातली मुलं म्हणायची, तुझ्या ट्रंकेला काकवीचा वास येतो. त्यानंतर मी ट्रंकेत कापूर ठेवायला लागलो. आज कुठे तो वास आला तर मी थांबून उभा राहतो. आता ज्याच्यापाशी त्याबद्दल बोलावं असं कुणी उरलेलं नाही.

त्या वर्षी पाऊस नव्हता. ऊस थोडा होता आणि भोंगा लवकर बंद पडणार अशी बोलणी चालली होती. आसपासच्या खेड्यांतली माणसं खडी फोडायला जात होती. रेशनवर मिलो म्हणून परदेशी लाल जोंधळा मिळायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची, आणि आई प्रत्येक भाकरीला तिच्याशी भांडल्यासारखं बोलायची, "नीट ऱ्हा गं बये, नीट ऱ्हा." ताई शेजारी बसून हसायची. ताईचं हसणं फार हळू असायचं, खांदे हलायचे तेवढंच. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नाव सुमन, घरात सुमी, मला ताई. मॅट्रिकला तिला माझ्याहून बरेच जास्त गुण होते. पण दोघांना पुढे शिकवणं आप्पांना झेपणारं नव्हतं, आणि दोघांपैकी कोण हा प्रश्न घरात कुणी विचारलाही नाही. मी नगरला गेलो. माझ्या पहिल्या वर्षी तिच्या कानातल्या कुड्या मोडल्या. तेव्हापासून तिच्या कानांच्या भोकांत कडुनिंबाच्या बारीक काड्या असायच्या, भोकं बुजू नयेत म्हणून. मला त्या काड्या दिसायच्या. पण इतक्या रोज दिसत की त्यांच्याबद्दल काही वाटायचं राहून गेलं होतं.

मास्तरांचं स्थळ आप्पांच्या काट्यावरच्या एका सहकाऱ्याने आणलं. मुलगा श्रीरामपूरला प्राथमिक शाळेत शिक्षक होता. त्याच्या तोंडचा एक निरोप आला होता आणि ताईच्या मनात फक्त तोच राहिला होता. मुलगी मॅट्रिक आहे तर लग्नानंतर शिक्षिकेचं ट्रेनिंग करायला माझी हरकत नाही, असं तो म्हणाला होता. मी सुट्टीला घरी आलो तेव्हा ताईने हे मला तीनदा सांगितलं. एकदा भांडी घासताना, एकदा पाण्याच्या टँकरपाशी रांगेत उभं असताना आणि एकदा उगीचच. "ट्रेनिंगला हरकत नाही म्हणाले रे," ती म्हणायची. 'हरकत नाही' हे शब्द ती जरा थांबून उच्चारायची, परीक्षेत उत्तर बरोबर आलं की वाचतात तसे.

मुलगी दाखवायची तर कानात काहीतरी हवं. आईने डब्याच्या तळातून आमचे लहानपणीचे चांदीचे वाळे काढले, दोन माझे, दोन ताईचे. तिच्या माहेरच्या ओळखीचे एक कारागीर नगरच्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात बसायचे. त्यांना सगळे बापूकाका म्हणत. आईने मजकूर सांगितला आणि ताईने चिठ्ठी लिहिली. आईला अक्षरओळख होती, पण लिहायचं काम नेहमी ताईचं. 'सोबत वाळे पाठवीत आहे. सुमनसाठी झुमके करावेत. वरून सोन्याचे पाणी द्यावे, लांबून सोन्याचे दिसतील असे. कळावे.' चांदीवर सोन्याचा पातळ मुलामा चढवायची ही रीत तेव्हा सर्रास होती. त्यात कुणाला फसवणूक वाटायची नाही, बघणाऱ्यालाही माहीत असायचं. मला मात्र ते 'लांबून सोन्याचे दिसतील असे' वाचून कानकोंडं झालं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि खरेपणाविषयी माझी मतं फार पक्की होती.

ती मतं कुठून आली होती ते सांगायला हवं. कॉलेजात आम्हाला मराठी शिकवायला मुंबईहून आलेल्या एक बाई होत्या. त्या हातमागाच्या सुती साड्या नेसायच्या, मातीच्या, राखेच्या, वाळल्या पानांच्या रंगांच्या. आणि कानांत काळपट चांदीचे मोठे झुमके. नगरमध्ये तोवर कुणी तसं घालत नसे. मुलं मागे हसायची, चांदी घासायला बाईंना चिंच परवडत नाही वाटतं, म्हणायची. एकदा एका मुलीने वर्गाबाहेर त्यांना विचारलंच. बाई म्हणाल्या, "हे मुद्दाम काळं करून घेतात. ऑक्सिडाइज्ड. उजळलेली चांदी सगळी सारखीच दिसते. काळी ठेवली की घडवणाऱ्याचा हात दिसतो." मी खांबाजवळ उभा होतो. ते वाक्य मी वसतिगृहात जाऊन वहीत लिहून ठेवलं. पुढच्या महिन्याभरात मी ते तीन ठिकाणी माझं म्हणून वापरलं.

बापूकाकांचं दुकान म्हणजे एक भट्टी, एक पाट आणि भिंतीला टांगलेल्या सांडश्या. त्यांनी वाळे तळहातावर घेतले, माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यातले तुझे कंचे?" मला ओळखता आले नाहीत. त्यांनी चारही मुशीत टाकले आणि फुंकणीने फुंकत राहिले. पांढरा धातू आधी मऊ झाला, मग थरथरला आणि एक गोळा झाला. मी तीन वेळा त्या बोळात गेलो. झुमक्यांची नक्षी मीच निवडली. त्यांच्याकडे जुने साचे होते. मोराचा, आंब्याचा, आणि एक नुसत्या बारीक दाण्यांचा, जोंधळ्याच्या कणसासारखा. मोर नको म्हणालो, तो सगळीकडे असतो. कणसाचा घ्या. ते म्हणाले, "डोळा चांगला हाय तुझा." मी फार सुखावलो. खाली घुंगऱ्या मोठ्या नकोत, मण्यांएवढ्याच हव्यात, हेही मी सांगितलं. आजवर मी आयुष्यात अनेक गोष्टी निवडल्या, पण इतक्या मन लावून क्वचितच.

मग मी म्हणालो, "काका, सोन्याचं पाणी नको. काळं पॉलिश करून द्या."

त्यांनी चष्मा वर केला. भिंतीच्या खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. "हितं तर सोन्याचं पानी लिवलंय. पोरीला बघायला येनारेत ना?"

"आईनेच निरोप बदललाय," मी म्हणालो.

"काळं? आईनं?"

"हो. आता तसंच चालतं नगरला."

"नगरला चालत आसल," ते म्हणाले. "तुमच्याकडं चालतं का ते इचारलं मी." पण त्यांनी जास्त ताणलं नाही. मडक्यात पाणी तापवलं, त्यात गंधकाची काहीतरी पूड टाकली. सडक्या अंड्यासारखा वास बोळभर सुटला. शेजारचा शिंपी खोकत बाहेर येऊन म्हणाला, "बापूराव, माणसं मारता का काय?" झुमके पाण्यात गेले ते पांढरे आणि वर आले ते कोळशासारखे. मग त्यांनी खडूची भुकटी लावलेल्या फडक्याने वरवर पुसले. दाण्यांची टोकं चमकायला लागली आणि मधल्या फटी काळ्या राहिल्या. कणीस जिवंत झालं. चिठ्ठी परत देताना ते म्हणाले, "ही ठिव जपून. उद्या कुनी इचारलं तर माझ्या नावानं खडं नको." मी ती पुस्तकात घातली.

एक गोष्ट मी इथे सोडून देऊ शकलो असतो, पण मग लिहायचं कशाला. आमच्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर चांदी उजळत नाहीत. देवाची निरांजनं, ताम्हन, अंगावरचे दागिने, काहीच चिंचेने घासायचं नाही. काळं पडू द्यायचं. वर्षश्राद्ध झालं की आधी चांदी उजळायची आणि मग घरात शुभकार्याचं बोलणं काढायचं. चुलते गेले त्या वर्षीची दिवाळी मला आठवत होती. देव्हाऱ्यात सगळं काळं होतं आणि आई येताजाता तिकडे बघायची नाही. हे मला माहीत होतं. पण बोळात उभा असताना ते माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मला बाईंचं वाक्य आठवत होतं.

मी शनिवारी संध्याकाळी राहुरीवरून एस.टी.ने घरी पोचलो. आई मागे पाहुण्यांसाठी ठेवलेले गहू निवडत होती. पुडी आधी ताईनेच उघडली. कंदिलाजवळ नेऊन तिने झुमके फिरवून पाहिले. मग म्हणाली, "सोन्याचं पाणी?"

मी बाईंचं वाक्य तिला ऐकवलं. घडवणाऱ्याचा हात दिसतो, म्हणालो. शिकलेल्या घरांत आता असंच घालतात, मास्तर शिकलेले आहेत, त्यांना लगेच कळेल, असंही म्हणालो. ताई ऐकत होती. मी कॉलेजातलं काही सांगायला लागलो की ती नेहमी अशीच ऐकायची, हातातलं काम थांबवून. तिने कानांतल्या काड्या काढून कंदिलाच्या बैठकीवर ठेवल्या आणि झुमके घातले. मान हलवून पाहिली. बारीक आवाज झाला.

"जड आहेत रे," ती म्हणाली. मग आरशात बघून, "कणीस आहे का हे?"

"हो."

"छान आहे." ती हसली, खांदे हलले.

आई आत आली, तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "ह्ये काय आनलंस? जळाल्यावानी दिसतंय."

"फॅशन आहे आई ती."

"चिठ्ठीत काय लिवलं हुतं सुमे? सोन्याचं पानी लिवलं न्हवतं का तू?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंकेची कडी लावत होतो. "लिहायचं राहिलं वाटतं," ती म्हणाली. "घाईत विसरले असेन."

"इसरलीस? तू?" आई म्हणाली. ताई कधी काही विसरायची नाही. पण दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते आणि नगर काही जवळ नव्हतं. आई कपाळाला हात लावून पुन्हा गव्हांकडे गेली. ती चिठ्ठी माझ्या ट्रंकेत, पुस्तकात होती. कडी काढून ती बाहेर काढायला मला किती वेळ लागला असता? मी इतकी वर्षं अधूनमधून तो हिशोब करतो.

रविवारी सकाळी ताईला तयार करायचं कामही मी अंगावर घेतलं. आईने शेजारणीची जांभळी नायलॉनची साडी आणून ठेवली होती. नायलॉन तेव्हा नवं होतं आणि गावात त्याची फार मिजास. मी ती बाजूला सारली आणि आईच्या पेटीतली जुनी, गर्द हिरवी इरकल काढली. या झुमक्यांवर सुती आणि गडदच शोभतं, म्हणालो. शेवंतीचा गजरा होता, तो नको म्हणालो, मानेशी गर्दी होते. दोन वेण्यांऐवजी मानेवर साधा अंबाडा घाल म्हणजे झुमके मोकळे दिसतील. कुंकू बारीक लाव. बांगड्या चारच. आई दारात उभी राहून म्हणाली, "आरं, पोरगी दाखवायची हाय का लपवायची?" आप्पा बाहेरून म्हणाले, "राहू द्या हो, त्याला कळतं त्यातलं." ताई स्टुलावर बसून होती. मी म्हणेन तशी मान वळवत होती. तयार झाल्यावर मी दोन पावलं मागे सरकून तिला पाहिलं. माझ्या डोळ्यांना ती फार सुंदर दिसली. तिच्यात मला आमच्या बाई दिसत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही.

पाहुणे तिघेच होते. मास्तर, त्यांचे वडील आणि त्यांच्या आत्या. मास्तरांची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरातला बायकांचा शब्द आत्यांचा. ठेंगण्या, काटक, नऊवारीतल्या बाई होत्या. आल्या आल्या त्यांनी पाय धुतले, पाण्याची चव घेतली आणि म्हणाल्या, "पानी ग्वाड हाय तुमचं. आमच्याकडं समदं मचूळ." सगळं फार चांगलं चाललं होतं. आईने शिरा केला होता. त्यातलं तूप शेजारच्या तीन घरांतून आलेलं. मास्तर माझ्याशी बोलले. नगरला काय शिकता, काय वाचता, असं 'अहो-जाहो' करून विचारलं. त्यांच्या शाळेच्या कपाटात कोणती पुस्तकं आहेत ते सांगितलं. मला इतक्या गंभीरपणे तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी फुलून बोलत राहिलो.

ताई पोहे घेऊन आली, बसली. मास्तरांच्या वडिलांनी वही आणि पेन पुढे केलं. तेव्हा मुलीला चार ओळी लिहून दाखवायला सांगायचे. ताईने नाव, गाव आणि खाली आप्पांचं नाव लिहिलं. वही मास्तरांकडे गेली. त्यांनी ती जरा जास्तच वेळ हातात ठेवली.

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "फळ्यावर असंच आलं पाहिजे." आणि हसले. ताईने पदर चाचपला. तिचे कान लाल झालेले मला दिसले, काळ्या चांदीच्या मागे.

मग आत्या उठल्या. ताईला कुंकू लावायचं आणि ओटी भरायची. हे झालं की गोष्ट निम्मी ठरली असं समजत. आईने करंडा पुढे केला. आत्यांनी बोट कुंकवात बुडवलं, वाकल्या आणि तशाच थांबल्या. ताईची हनुवटी धरून त्यांनी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. दुसऱ्या हाताने झुमका उचलला, त्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा बघितला. मग साडीकडे, बिनगजऱ्याच्या अंबाड्याकडे, बारीक कुंकवाकडे बघितलं.

"कुनाचं वरीस चालू हाय घरात?" त्यांनी आईला विचारलं.

आईला आधी कळलंच नाही. "न्हाई वो. कुनाचं बी न्हाई. देवाच्या दयेनं समदी बरी हायेत."

"मंग चांदी काळी कशी? बाई, लपवू नका. आमच्यात बी त्येच चालतं, तुमच्यात बी त्येच. वरीस आसल तर सांगा, आमी थांबू. आमचं कुटं आडलंय? पर लपवून सोयरीक केली तर दोनी घरांला भोगावं लागतं."

"आत्याबाई, शपथेवर सांगतो, तसं काही नाही," आप्पा उठून उभे राहिले. "ही फॅशन आहे. नगरहून करून आणलेत नवे."

"नवं? नवं करून काळं केलं?" आत्या माझ्या आईकडे बघत राहिल्या. "आन् ही हौस कुनाची म्हनायची?"

ताईची मान खाली होती. ती तिने उचलली आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात काही मागणं नव्हतं. नुसतं, आता तू बोलशील, एवढंच होतं. मास्तरही माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अजून मघाचा आदर होता, पुस्तकांविषयी बोलतानाचा. माझ्या मनात आलं की मी केलं म्हटलं तर हे मला मूर्ख समजतील. एवढंच आलं. याहून मोठं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, ते सापडलं नाही.

"तिचीच," मी म्हणालो. "तिनेच तसं करून आण म्हणून सांगितलं होतं."

ताईने मान पुन्हा खाली घातली. मास्तरांनी माझ्यावरची नजर काढून तिच्यावर नेली. मग वही मिटून गादीवर ठेवली.

"हौशी हाय म्हनायची पोरगी," आत्या म्हणाल्या. त्यांनी कुंकू लावलं, कारण बोट बुडवलेलं होतं. ओटी भरली नाही. बोट पदराला पुसत त्या आपल्या जागी जाऊन बसल्या आणि आईला पाण्याविषयी, टँकरविषयी विचारत राहिल्या. चहा झाला. ऊन उतरायच्या आत निघतो म्हणाले. मास्तरांनी निघताना मला नमस्कार केला.

ते गेल्यावर आप्पा काट्यावर निघून गेले, रविवार असून. आई न्हाणीत बसली. तिने चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली आणि झुमके घासायला लागली. ती रडत नव्हती, नुसती घासत होती. ताई तिच्याजवळ बसून म्हणाली, "राहू दे आई." "काळं करायला तूच सांगितलंस, आन् मला इसरले म्हनलीस?" आई म्हणत होती. "दोन शब्द हुते. का न्हाई लिवलंस गं?" ताई म्हणाली, "चुकलं." मी आतल्या खोलीत होतो, भिंतीपलीकडे. सगळं ऐकू येत होतं. आईने धुऊन झुमके उन्हात ठेवले तेव्हा मी जाऊन पाहिले. काळं गेलं नव्हतं. वरची टोकं फक्त आणखी उजळली होती, आणि जेवढं घासलं तेवढी नक्षी उठून आली होती. क्षणभर मला वाटलं, किती छान दिसतंय. तो क्षण मी कुणाला कधी सांगितलेला नाही.

आठ दिवसांनी आप्पांच्या सहकाऱ्याबरोबर निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण आमच्या घराला साधी हवी.

पुढच्या वर्षी ताईचं लग्न जामखेडच्या बाजूला झालं. दाजी चांगले होते. शेती होती, आडत होती, माणसं पुष्कळ होती. तिथे ट्रेनिंगचं बोलणं निघायचा प्रश्नच नव्हता. ताईने दोन मुली वाढवल्या, दोघींना शिकवलं. मी शिकलो, नगरलाच एका ग्रंथालयात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. नगरचं नाव आता बदललं आहे. माझ्या तोंडी जुनंच बसलेलं आहे. दरवर्षी मी भाऊबीजेला जायचो. ताई ओवाळायची, गोड करायची, माझ्या पुस्तकांविषयी विचारायची. तिच्या कानांत सोन्याच्या कुड्या असायच्या. एकाही भाऊबीजेला मी बोललो नाही. दरवर्षी ठरवून जायचो आणि ताट पुढे आलं की जेवायचो.

गेल्या श्रावणात तिला नगरच्या दवाखान्यात आणलं होतं. मी रोज दुपारी तिच्याजवळ बसायचो. एके दिवशी तिची धाकटी, मंगल, औषधं आणायला खाली गेली होती. ताई डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. ती म्हणाली, "वसू, ती चिठ्ठी आहे का रे तुझ्याकडे?"

कोणती, असं मी विचारलं नाही. "आहे," म्हणालो.

"वाटलंच मला. तू कागद टाकत नाहीस." मग ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी आई म्हणाली होती, काढ ते कानांतलं. तू अंघोळीला गेला होतास. मी नाही काढले. मला आवडले होते ते."

"ताई, मी त्या दिवशी..."

"चिठ्ठी फाडू नकोस," ती म्हणाली. "अक्षर चांगलं होतं माझं."

मंगल वर आली. मग डॉक्टर आले. त्यानंतर ताईशी एकटं बोलायला मिळालं नाही. मिळालं असतं तरी मी बोललो असतो की नाही, हे मला सांगता येत नाही.

ताईचं दिवसकार्य झाल्यावर मंगलने मला कुंकवाची एक लाकडी डबी आणून दिली. आत झुमके होते. एकाची एक घुंगरी तुटलेली. "आई म्हणाली होती, वसूमामाला दे," ती म्हणाली. "मामा, आता ह्याला लई मागणी हाय. माझी मुलगी मागत होती कॉलेजात घालायला. असलं काळं आता मुद्दाम विकत घेतात. पण आई म्हणाली, मामालाच."

झुमके माझ्या टेबलाच्या खणात आहेत. चिठ्ठीही तिथेच आहे. घड्यांवर विरली आहे, पण अक्षर वाचता येतं, 'सोन्याचे पाणी द्यावे' हे शब्दसुद्धा. चांदी आणखी काळी पडली आहे. ताईला जाऊन सात महिने झाले. अजून पाच महिने ती उजळायची नाही.